पायलटची ड्युटी कशी ठरते? पेअरिंग, लेओव्हर आणि बेस बदलण्यामागचं गणित समजून घ्या

विमान गेटला लागलेलं आहे. हवामान स्वच्छ आहे. प्रवासी बोर्डिंग पास हातात घेऊन रांगेत उभे आहेत. तरीही उड्डाण रद्द होतं, कारण विमान चालवायला नियमात बसणारा पायलट उपलब्ध नाही.

डिसेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात देशभरातल्या विमानतळांवर हेच चित्र होतं. इंडिगोची उड्डाणं एकामागोमाग एक रद्द होत गेली. ५ डिसेंबर या एकाच दिवशी रद्द झालेल्या उड्डाणांचा आकडा एक हजाराच्या वर गेला. कुणाची परीक्षा चुकली, तर कुणाच्या लग्नाचं वऱ्हाड विमानतळावरच अडकलं.

त्या दिवसांत 'एफडीटीएल', 'रोस्टर', 'वीकली रेस्ट' हे शब्द बातम्यांमध्ये सतत येत होते. पण पायलट आज कुठे उडणार, रात्री कुठे झोपणार आणि घरी कधी परतणार, हे नेमकं ठरतं कसं?

पेअरिंग म्हणजे काय?

एअरलाइन आधी विमानांचं वेळापत्रक ठरवते आणि मग त्यावर माणसं बसवते. हे काम दोन टप्प्यांत होतं.

पहिला टप्पा पेअरिंगचा. पायलट आपल्या बेसवरून निघून पुन्हा त्याच बेसवर परत येईपर्यंतच्या उड्डाणांच्या साखळीला पेअरिंग म्हणतात. समजा, मुंबई बेसचा पायलट पहिल्या दिवशी मुंबई-नागपूर, नागपूर-दिल्ली आणि दिल्ली-इंदूर अशी तीन उड्डाणं करतो. रात्री तो इंदूरच्या हॉटेलात थांबतो. दुसऱ्या दिवशी इंदूर-हैदराबाद आणि हैदराबाद-मुंबई करून घरी येतो. ही झाली दोन दिवसांची एक पेअरिंग.

दुसरा टप्पा रोस्टरचा. तयार झालेल्या पेअरिंग कुणाच्या वाट्याला येणार, हे इथे ठरतं. कुणाची रजा आहे, कुणाचं सिम्युलेटर प्रशिक्षण आहे, कुणाचे उड्डाणाचे तास संपत आलेत, हे सगळं बघून महिन्याचा तक्ता तयार होतो. काही पायलटना 'स्टँडबाय' ठेवतात. म्हणजे ठरलेला पायलट आजारी पडला किंवा विमानाला उशीर झाला, तर यांना बोलावणं जातं.

ऐकायला सोपं वाटणारं हे काम प्रत्यक्षात फार किचकट आहे. उड्डाणं शेकड्यांनी असली, की त्यांच्या साखळ्या कोट्यवधी प्रकारे जोडता येतात. त्यातून नियमात बसणारी आणि कमी खर्चाची जोडणी शोधण्यासाठी एअरलाइन खास सॉफ्टवेअर वापरतात. इंधनाप्रमाणेच कर्मचाऱ्यांवरचा खर्चही एअरलाइनच्या मोठ्या खर्चांपैकी एक असल्यामुळे इथे थोडी बचतसुद्धा मोठी ठरते.

नियम काय सांगतात?

भारतात पायलटच्या ड्युटीचे नियम नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, म्हणजे डीजीसीए ठरवतं. यांनाच 'फ्लाइट ड्युटी टाइम लिमिटेशन्स' किंवा एफडीटीएल म्हणतात.

इथे दोन शब्दांतला फरक लक्षात घ्यायला हवा. 'फ्लाइट टाइम' म्हणजे प्रत्यक्ष उड्डाणाचा वेळ. एका वर्षात तो १,००० तासांपेक्षा जास्त होऊ शकत नाही. 'फ्लाइट ड्युटी पीरियड' मात्र पायलट कामावर हजर झाल्यापासून शेवटच्या उड्डाणानंतर इंजिन बंद होईपर्यंत मोजला जातो. त्यात दोन उड्डाणांच्या मधलं थांबणंही येतं.

जानेवारी २०२४ मध्ये डीजीसीएने हे नियम कडक केले. मुख्य बदल असे होते:

• आठवड्याची सलग विश्रांती ३६ तासांवरून ४८ तास झाली.
• 'रात्र' पूर्वी मध्यरात्री १२ ते पहाटे ५ अशी धरली जायची. ती ६ वाजेपर्यंत वाढवली.
• रात्रीच्या ड्युटीत पूर्वी सहापर्यंत लँडिंग चालायची. ही मर्यादा दोनवर आणली.
• दोन पायलट असलेल्या विमानात रात्रीच्या ड्युटीची कमाल मर्यादा १० तास ठरली.

एअरलाइननी जास्त वेळ मागितल्यामुळे अंमलबजावणी लांबली. प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं आणि शेवटी दोन टप्पे ठरले. पहिला १ जुलै २०२५ पासून, तर रात्रीच्या मर्यादांचा दुसरा टप्पा १ नोव्हेंबर २०२५ पासून.

एवढी काटेकोर मोजणी कशासाठी?

याचं उत्तर मंगळूरमध्ये सापडतं. २२ मे २०१० च्या पहाटे दुबईहून आलेलं एअर इंडिया एक्सप्रेसचं विमान तिथल्या टेबलटॉप धावपट्टीच्या पुढे जाऊन दरीत कोसळलं. १६६ पैकी १५८ जणांचा मृत्यू झाला.

कॉकपिटमधल्या रेकॉर्डिंगवरून कॅप्टन प्रवासात दीड तासाहून जास्त वेळ झोपला होता, असं चौकशीत समोर आलं. विमान नीट उतरत नव्हतं आणि सहवैमानिकाने पुन्हा वर घेण्याची सूचना वारंवार केली होती. तरीही कॅप्टनने लँडिंग सोडलं नाही. हेच अपघाताचं थेट कारण ठरलं. गाढ झोपेतून उठल्यावर काही काळ निर्णयक्षमता मंद राहते, हा मुद्दा चौकशी अहवालाने अपघाताला हातभार लावणाऱ्या कारणांमध्ये धरला.

पहाटे २ ते ६ या वेळात शरीराची सतर्कता सर्वांत कमी असते. रात्रीच्या लँडिंगवर मर्यादा घालण्यामागे हेच कारण आहे.

लेओव्हर कधी कधी दोन-तीन दिवसांचा का होतो?

बेसबाहेर काढलेल्या विश्रांतीच्या वेळेला लेओव्हर म्हणतात. देशांतर्गत उड्डाणांत तो बहुतेक एका रात्रीचा असतो. लांबच्या आंतरराष्ट्रीय मार्गांवर मात्र तो वाढतो.

समजा, मुंबईहून एका परदेशी शहरात सोमवार, बुधवार आणि शनिवार असं आठवड्यातून तीनदाच विमान जातं. सोमवारी पोहोचलेलं विमान दोन-तीन तासांत परत फिरतं. पण ते घेऊन आलेल्या पायलटना विश्रांती हवी असते. म्हणून विमान परत आणतात ते शनिवारपासून तिथे थांबलेले पायलट. सोमवारचे पायलट बुधवारच्या विमानाने निघतात आणि बुधवारचे थेट शनिवारी. म्हणजे रोज उड्डाण असेल तर लेओव्हर छोटा आणि उड्डाणं कमी असतील तर मोठा.

लांब लेओव्हर म्हणजे फुकटची सहल, असा अनेकांचा समज असतो. एअरलाइन हॉटेल आणि भत्ता देते, हे खरं. पण न्यूयॉर्कसारख्या शहरातलं घड्याळ भारताच्या साडेनऊ ते साडेदहा तास मागे असतं. शरीर धड तिथल्या वेळेला रुळत नाही, धड इथल्या. एवढ्यात परतीची ड्युटी लागते. घरापासून दूर गेलेले हे दिवस पायलटच्या सुट्टीत धरले जात नाहीत, ते वेगळंच.

एअरलाइनलाही लांब लेओव्हर परवडत नाही. मग कधी कधी पायलटला प्रवासी म्हणून दुसऱ्या विमानात बसवून हव्या त्या शहरात पाठवलं जातं. याला 'डेडहेडिंग' किंवा 'पोझिशनिंग' म्हणतात. गणवेशातला पायलट तुमच्या शेजारच्या सीटवर दिसला, तर तो बहुधा ड्युटीवरच असतो.

बेस बदलला की काय बदलतं?

पायलटची ड्युटी जिथे सुरू होते आणि संपते ते शहर म्हणजे त्याचा बेस. हॉटेल आणि लेओव्हरचा भत्ता बेसबाहेरच मिळतो. घरापासून बेसपर्यंतचा प्रवास मात्र ड्युटीत मोजला जात नाही. पुण्यात राहणाऱ्या पायलटचा बेस मुंबई असेल, तर पहाटेच्या उड्डाणासाठी द्रुतगती महामार्गावर घालवलेली रात्र ड्युटीच्या तासांत धरली जात नाही.

नव्या मार्गांसाठी किंवा नव्या विमानांसाठी एअरलाइन पायलटचा बेस बदलते. कधी पायलटच घराजवळचा बेस मागतात. पण त्या बेसवर आपण चालवतो तेच विमान असावं लागतं. एअरबस ए३२० चा पायलट प्रशिक्षण घेतल्याशिवाय बोइंग ७७७ चालवू शकत नाही. बदली नको म्हणून नोकरी सोडणंही झटपट होत नाही, कारण डीजीसीएने २०१७ मध्ये कमांडरसाठी नोटीस पीरियड एक वर्षाचा केला. सहवैमानिकांसाठी तो सहा महिन्यांचा आहे.

घर एकीकडे आणि बेस दुसरीकडे असण्याचा धोका अमेरिकेने पाहिला आहे. १२ फेब्रुवारी २००९ ला कोलगन एअरचं नेवार्कहून निघालेलं विमान बफेलोजवळ कोसळून ५० जणांचा मृत्यू झाला. दोन्ही पायलटचा बेस नेवार्क होता. पण कॅप्टन फ्लोरिडात राहायचा आणि सहवैमानिक सिएटलजवळ. ती आदल्या रात्री मालवाहू विमानांतून देश ओलांडून आली होती. अपघाताचं मुख्य कारण कॅप्टनची चुकीची प्रतिक्रिया हे होतं, पण दोघांच्याही थकव्याची तपासात नोंद झाली. त्यानंतर अमेरिकेत विश्रांतीचे नवे नियम आले आणि ते जानेवारी २०१४ पासून लागू झाले. अमेरिकेतल्या मोठ्या एअरलाइनमध्ये बेस आणि ड्युटी सेवाज्येष्ठतेच्या क्रमाने मागता येतात.

मग डिसेंबरमध्ये काय बिघडलं?

आठवड्याची विश्रांती १२ तासांनी वाढली आणि रात्रीची लँडिंग कमी झाली, तर तेवढ्याच उड्डाणांसाठी जास्त पायलट लागतात. रात्री उशिरा आणि पहाटे खूप उड्डाणं करणाऱ्या एअरलाइनला याची झळ जास्त बसते. इंडिगोचं वेळापत्रक तेवढंच भरगच्च राहिलं, पण नव्या नियमांत बसणारे पायलट पुरले नाहीत.

त्यात साखळीचा स्वभावच असा, की एक कडी तुटली की पुढच्या सगळ्या अडतात. वरच्या उदाहरणातलं नागपूरचं उड्डाण चार तास लांबलं, तर पायलटची मर्यादा दिल्लीतच संपते. इंदूरला विमान जात नाही आणि दुसऱ्या दिवशीचं इंदूर-हैदराबादही कोलमडतं.

शेवटी डीजीसीएने इंडिगोला रात्रीच्या काही नियमांतून १० फेब्रुवारी २०२६ पर्यंत तात्पुरती सूट दिली. सरकारने कंपनीला १० टक्के उड्डाणं कमी करायला लावली. प्रवाशांचे हाल थांबवण्यासाठी ज्या नियमांत सूट द्यावी लागली, ते प्रवाशांच्याच सुरक्षेसाठी केलेले होते. त्यामुळे पायलट संघटनांनी या सवलतीला विरोध केला.

त्यामुळे पुढच्या वेळी 'पायलटची ड्युटी संपली' म्हणून उड्डाण थांबलं, तर चिडचिड होणं साहजिक आहे. पण थकलेला पायलट कॉकपिटऐवजी हॉटेलच्या खोलीत असणं, हे त्या विमानातल्या प्रत्येकाच्या हिताचंच आहे. पुरेसे पायलट हाताशी ठेवून मगच तिकिटं विकणं, ही जबाबदारी एअरलाइनची.