अंतराचा अंदाज आणि सपाट गोळी: कायोटच्या शिकारीने घडवलेली काडतुसे

१/ अमेरिकेच्या पश्चिमेकडील माळरानांवर मेंढपाळांचा जुना वैरी म्हणजे कायोट. कोल्ह्याहून मोठा, लांडग्याहून लहान आणि कमालीचा सावध. माणसाची चाहूल लागताच तो दूर निसटतो. शिकाऱ्याच्या हाती उरते ती एक गोळी आणि अंतराचा एक अंदाज. पिकांना वा गुराढोरांना उपद्रव देणाऱ्या अशा प्राण्यांना तिकडे ‘व्हार्मिंट’ म्हणतात. काडतुसांच्या इतिहासाला या व्हार्मिंटांनी दिलेल्या वळणाची ही कथा.

२/ गोळी कधीच सरळ रेषेत जात नाही. नळीतून सुटताच गुरुत्वाकर्षण तिला खाली ओढू लागते. वेगवान गोळीही त्याच त्वरेने पडते. मात्र ती लक्ष्य लवकर गाठत असल्याने तिला पडायला वेळ कमी मिळतो. तिच्या कमी झुकणाऱ्या मार्गालाच ‘सपाट मार्ग’ म्हणतात.

३/ १८७३ साली अमेरिकी लष्कराने स्वीकारलेल्या .४५-७० काडतुसाची जड शिशाची गोळी सेकंदाला सुमारे ४१० मीटर वेगाने निघे. नेम १५० मीटरसाठी बांधला आणि प्राणी प्रत्यक्षात २०० मीटरवर असला, तर हवेचा अवरोध जमेस न धरताही ती गोळी सुमारे ३० सेंटिमीटर खाली जाई. असा चुकलेला वार पुष्कळदा पायावर बसे. जखमी जनावर लंगडत झुडपांत शिरे आणि तेथे सावकाश मरे.

४/ १९२० च्या दशकाच्या अखेरीस स्प्रिंगफील्ड येथील सरकारी शस्त्रागारात टाउनसेंड व्हेलन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक जुने, मंद काडतूस नव्या धूरविरहित दारूने जागे केले. विंचेस्टर कंपनीने ते १९३० मध्ये ‘.२२ हॉर्नेट’ या नावाने बाजारात आणले. नावातील आकडा नळीच्या व्यासाचा, इंचांत मोजलेला. वेग सुमारे ७३० मीटर. तीच ५० मीटरची चूक आता सुमारे ९ सेंटिमीटरांवर आली.

५/ पाचच वर्षांनी, १९३५ मध्ये, विंचेस्टरने ‘.२२० स्विफ्ट’ आणले. अवघ्या ३.१ ग्रॅमची गोळी आणि वेग सेकंदाला सुमारे १,२५० मीटर! सेकंदाला ४,००० फुटांची मर्यादा ओलांडणारे हे कारखान्यात बनलेले पहिले काडतूस. त्याच हिशेबाने चूक उरली सुमारे ३ सेंटिमीटर. माणसाच्या नजरेचा दोष जणू वेगाने झाकला गेला.

६/ पण वेग फुकट मिळत नाही. भरपूर दारू जळून तिचा तप्त वायू एका अरुंद नळीतून जाऊ लागला की गोळी जेथे आट्यांत शिरते तेथील पोलाद झिजू लागते. बिळांत राहणाऱ्या प्रेअरी डॉगच्या वसाहतीवर गोळ्यांमागून गोळ्या झाडणाऱ्यांना हे लवकर कळले: नळी थंड होण्यास वेळ मिळेना आणि अचूकता ढळू लागली. ‘नळी खाणारे काडतूस’ ही अपकीर्ती स्विफ्टला कायमची चिकटली.

७/ दरम्यान हौशी बंदूककार स्वतःच्या कार्यशाळांत जुन्या काडतुसांच्या पितळी कवचांची माने आवळून नवी काडतुसे घडवीत होते. अशा घरगुती निर्मितीस ‘वाइल्डकॅट’ म्हणत. ‘.२५० सॅव्हेज’च्या कवचातून १९३० च्या दशकात जन्मलेले ‘.२२-२५०’ हे त्यांतील सर्वांत भाग्यवान. वेग स्विफ्टहून किंचित कमी. १९६४ मध्ये विंचेस्टरने आपल्या रायफलींतून स्विफ्ट वगळले. १९६५ मध्ये रेमिंग्टनने ‘.२२-२५०’ला कारखान्याचे अधिकृत रूप दिले.

८/ रेमिंग्टनच्याच माइक वॉकर यांनी १९५० मध्ये आणखी संयमाचा मार्ग दाखवला होता. त्यांचे ‘.२२२ रेमिंग्टन’ कोणत्याही जुन्या कवचावर आधारलेले नव्हते. वेग सुमारे ९६० मीटर, दारू थोडी, धक्का सौम्य, नळी दीर्घायुषी आणि अचूकता अशी की नेमबाजीच्या स्पर्धांतही त्याने वर्षानुवर्षे सत्ता गाजवली.

९/ याच कवचाची लांबी वाढवून अमेरिकी लष्करासाठी नवे काडतूस घडले. मुलकी बाजारात ते १९६४ पासून ‘.२२३ रेमिंग्टन’ झाले, सैन्यात ५.५६ × ४५ मिमी या मापाने एम-१६ रायफलीतून व्हिएतनामच्या युद्धात गेले. उपद्रवी प्राण्यांसाठी घडलेल्या काडतुसाचा वंशज माणसांवर रोखला गेला. १९८० मध्ये नाटोने हे माप प्रमाण मानले. पुण्याच्या शस्त्रास्त्र संशोधन व विकास आस्थापनेत आकारास आलेली भारतीय ‘इन्सास’ रायफलही ५.५६ मिमीचीच.

१०/ १९९० च्या दशकात हातात मावणारी लेझर अंतरमापके आली आणि अंतराचा अंदाज बांधण्याची गरजच बव्हंशी संपली. ज्या अडचणीतून वेगाची ही स्पर्धा सुरू झाली, ती एका लहानशा यंत्राने सोडवली. काडतुसे मात्र राहिली. आणि कायोटही राहिला. एके काळी पश्चिमेच्या माळरानांचा रहिवासी असलेला हा प्राणी आज अलास्कापासून पनामापर्यंत पसरला आहे.