कात्री आणि घड्याळ

१९१२ सालीं दादासाहेब फाळके विलायतेहून चित्रें घेण्याचें यंत्र आणून स्वस्थ बसले नाहींत. परंतु या नव्या धंद्यांत पैसा घालावयास कोणी पुढें येईना. तेव्हां त्यांनीं वाटाण्याचें एक रोप कुंडींत वाढविलें, त्यासमोर यंत्र रोंवून ठेवलें, आणि महिनाभर रोज थोडी थोडी फीत फिरवून त्या रोपाची वाढ टिपली. पडद्यावर तें रोप पाहतां पाहतां उगवलें, वाढलें, आणि सावकाराची थैली सुटली.

ही गोष्ट सामान्यतः फाळक्यांच्या चिकाटीचें उदाहरण म्हणून सांगण्यांत येते. आम्हांस मात्र तींत आणखी एक गोष्ट दिसते. चित्रपटाला आपण चित्रांची कला म्हणतों खरें. परंतु त्या कलेचा कच्चा माल म्हणजे काळ. काळाचे सारखे तुकडे करावे, नको ते टाकावे, हवे ते जोडावे, एवढाच तिचा व्यापार. आणि ज्या काळांत ही युक्ति कलावंताच्या हातीं आली, त्याच काळांत ती कारखान्यांतील मजुराचा वेळ मोजणारांच्याही हातीं पडली. आज पुण्यामुंबईकडील एखादा तरुण संगणकावर चित्रफितीचें संकलन करीत असतो, आणि पडद्याच्या कोपऱ्यांत त्याच्या कामाचे तास मोजणारें एक चिमुकलें घड्याळ चालू असतें. हे दोन शेजारी योगायोगानें एकत्र आलेले नाहींत. ते एका घरांत वाढलेले भाऊ आहेत, आणि भावाभावांत असावयाचें तें वैरही त्यांच्यांत आहे.

या कुळाचा मूळपुरुष फ्रान्समधील शरीरशास्त्रज्ञ एत्येन-झ्यूल मारे हा होय. त्याला करमणुकीशीं कांहीं कर्तव्य नव्हतें. पक्षी उडतांना पंख कसे हलवितो, माणूस चालतांना त्याचा गुडघा कोठें वांकतो, हें त्याला पाहावयाचें होतें. अमेरिकेंत मायब्रिज यानें १८७८ सालीं ओळीनें मांडलेल्या कॅमेऱ्यांनीं धांवत्या घोड्याचीं चित्रें घेतलीं, त्यांवरून मारेला स्फूर्ति झाली. व १८८२ सालीं त्यानें बंदुकीच्या आकाराचें एक यंत्र सिद्ध केलें. चाप ओढला कीं तें सेकंदास बारा चित्रें टिपीत असे. हलत्या माणसाचीं चित्रें घेतांना त्याच चित्रांत घड्याळाची एक तबकडीही उमटेल अशी योजना त्यानें केली होती. ती तबकडी वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. लुमिएर बंधूंनीं १८९५ सालीं पॅरिसमध्यें, आणि त्यांच्या माणसांनीं ७ जुलै १८९६ रोजीं मुंबईंत वॉटसन हॉटेलांत, पैसे घेऊन हलतीं चित्रें दाखविलीं, तेव्हां ती तबकडी चित्रांतून गळाली होती. तमासगीरांस तिची गरज नव्हती.

ती गरज दुसऱ्याच कोणास होती. अमेरिकेंत फ्रेडरिक टेलर नांवाचा इंजिनियर पोलादाच्या कारखान्यांत स्टॉपवॉच घेऊन मजुरांच्या पाठीशीं उभा राहूं लागला होता. कामाचे तुकडे पाडावे, प्रत्येकास किती सेकंद लागतात तें टिपावें, निरुपयोगी हालचाल काढून टाकावी, आणि उरलेले तुकडे जोडून त्या कामास 'योग्य' वेळ किती तें ठरवावें, ही त्याची पद्धति. हें वर्णन संकलकाच्या कामासही शब्दशः लागू पडतें. फरक इतकाच कीं, संकलक कापतो ती निर्जीव फीत असते. १९११ च्या ऑगस्टांत वॉटरटाऊन येथील सरकारी शस्त्रागारांत ओतकाम करणाऱ्या एका कामगारानें घड्याळासमोर काम करण्याचें साफ नाकारलें. त्याला काढून टाकण्याची आज्ञा होतांच त्याचे सोबती हत्यारें खालीं ठेवून बाहेर पडले. पुढें काँग्रेसची चौकशी बसली, खुद्द टेलरची साक्ष झाली, आणि १९१५ पासून लष्करी खर्चाच्या मंजुरीस अशी अट जोडण्यांत येऊं लागली कीं, या पैशांतून स्टॉपवॉचनें कामगाराचा वेळ मोजण्याचें काम होऊं नये. ही अट १९४९ पर्यंत टिकली. एका ओतकाम्याच्या नकाराचें फळ म्हणून हें थोडें नव्हे.

परंतु घड्याळ हटलें नाहीं. त्यानें वेष पालटला. फाळके वाटाण्याचें रोप टिपीत होते त्याच १९१२ सालीं फ्रँक गिल्ब्रेथ यानें प्रॉव्हिडन्स येथील एका कारखान्यांत चलच्चित्राचा कॅमेरा नेऊन मजुरांच्या हातांचीं चित्रें घेतलीं, आणि चौकटींत मिनिटाचा दोनहजारावा भाग दाखविणारें घड्याळ ठेविलें. मारेची तबकडी परत आली ती अशी. गिल्ब्रेथ व त्याची विदुषी पत्नी लिलियन हीं दोघें मजुराच्या शिणाचा कळवळा बाळगणारीं होतीं, हें सांगितलें पाहिजे; हालचाल कमी म्हणजे थकवा कमी, असा त्यांचा प्रामाणिक समज होता. हाताच्या मूळ हालचालींस त्यांनीं 'थर्ब्लिग' असें नांव ठेविलें. हें त्यांचें आडनांवच बहुतेक उलटें लिहिलेलें आहे. आपल्या नांवाचें असें सोनें करण्याची युक्ति आमच्या पंडितांस अद्याप सुचलेली नाहीं.

घड्याळाची तिसरी शाखा याहून साधी. न्यूयॉर्क संस्थानांतील विलर्ड बंडी या जवाहिऱ्यानें कामगाराच्या येण्याजाण्याची वेळ कागदावर छापणारें यंत्र काढलें, आणि १८८९ सालीं त्याचा कारखाना उभा राहिला. तो धंदा इतर कंपन्यांत मिळत मिळत १९११ सालीं एका मोठ्या कंपनींत विलीन झाला, आणि १९२४ सालीं त्या कंपनीनें आपलें नांव 'इंटरनॅशनल बिझिनेस मशीन्स' असें ठेविलें. जगास संगणक पुरविणाऱ्या आय्. बी. एम्. च्या पूर्वजांत हजेरीचें घड्याळ आहे. संगणकानें माणसाचे तास मोजावे यांत नवल तें काय?

आतां दुसऱ्या भावाकडे वळूं. मूकपटाच्या काळांत संकलन म्हणजे कात्री, सरस आणि नजर. फाळक्यांच्या घरीं सरस्वतीबाई अंधारांत फितीला भोकें पाडीत. घरचीं कामें आटोपून हें काम चाले, आणि त्या तासांची नोंद कोणत्याही वहींत नाहीं. अमेरिकेंतही फीत जोडण्याचें काम प्रथम पुष्कळसें स्त्रियांकडे असे, कारण मालकांस तें शिवणकामाच्या जातीचें वाटे. मार्गारेट बूथ ही ग्रिफिथच्या हाताखालीं तुकडे जोडणारी मुलगी पुढें मेट्रो-गोल्डविन-मेयर कंपनीच्या सर्व संकलकांची प्रमुख झाली. इंग्रजींत या कामगारांस 'कापणारे' म्हणत; मराठीनें 'संकलन' म्हणजे एकत्र करणें हा शब्द पत्करला. आमच्या मतें मराठीचा शब्द अधिक खरा आहे, कारण कापणें कोणासही येतें.

मूकपटाचा वेग कॅमेरा फिरविणाऱ्याच्या मनगटावर अवलंबून असे. बोलपट आला आणि तें स्वातंत्र्य संपलें. आवाज बेसूर होऊं नये म्हणून सेकंदास चोवीस चौकटी हा वेग ठरून गेला. १९३२ सालीं प्रभातनें 'अयोध्येचा राजा' पडद्यावर आणून मराठीला बोलतें केलें तें याच युगांत. एका फुटांत सोळा चौकटी, मिनिटास नव्वद फूट. तेव्हांपासून संकलक वेळ फुटांनीं मोजूं लागला. १९२४ सालीं निघालेल्या 'मूव्हिओला' यंत्रानें त्याला फीत डोळ्यांसमोर चालवून हवी तेथें थांबविण्याची सोय करून दिली होतीच.

१९५६ सालीं अमेरिकेंत ॲम्पेक्स कंपनीनें चित्र साठविणारी चुंबकीय टेप काढली तेव्हां मोठी पंचाईत झाली. फितीवर चित्र दिसे. टेपेवर कांहींच दिसेना. लोहकणांचें द्रव लावून, सूक्ष्मदर्शकांतून पाहून, ती पात्यानें कापावी लागे. यांतून मार्ग निघाला तो प्रत्येक चौकटीस तास, मिनिट, सेकंद व चौकट असा स्वतःचा आंकडा देण्याचा. या 'टाइमकोड'ची व्यवहारांतील सुरवात १९६७ च्या सुमाराची. तींत एक गंमत आहे. रंगीत चित्रांसाठीं अमेरिकेनें १९५३ सालीं सेकंदास तीस चौकटींचा वेग हजारांत एका भागानें मंद केला. त्यामुळें तासाभरांत मोजणी व घड्याळ यांत १०८ चौकटींचा फरक पडूं लागला. उपाय असा केला कीं, प्रत्येक मिनिटाच्या आरंभींचे दोन आंकडे वगळावे, मात्र दर दहाव्या मिनिटास वगळूं नयेत. पंचांगांतील क्षयतिथि ज्यांस ठाऊक आहे त्यांस हें निराळें समजावून सांगण्याचें कारण नाहीं. तिथीचा क्षय झाला म्हणून सूर्य उगवावयाचा राहत नाहीं. तसेंच येथें चित्र एकही गळत नाहीं, आंकडा तेवढा गळतो. भारतांत दूरचित्रवाणीचा वेग सेकंदास नेमका पंचवीस चौकटींचा ठरल्यामुळें हा खटाटोप आपल्यामागें लागला नाहीं.

चौकटीस आंकडा मिळाला आणि संगणकास प्रवेश मिळाला. १९७१ सालीं आलेलें 'सीएमएक्स ६००' हें यंत्र सुमारें अडीच लाख डॉलरांचें. त्यांत अर्ध्या तासाचीं पुसट काळींपांढरीं चित्रें मावत, परंतु कोणतेंही चित्र वाटेल तेव्हां समोर आणतां येई. १९८९ सालीं 'ॲव्हिड' आलें, १९९१ सालीं 'प्रीमियर', १९९९ सालीं 'फायनल कट प्रो'. आज 'रिझॉल्व्ह'ची एक आवृत्ति फुकटही मिळते. १९९६ सालच्या 'द इंग्लिश पेशंट' या चित्रपटाचें संकलन वॉल्टर मर्च यानें अशा यंत्रावर पुरें केलें, व १९९७ सालीं संकलनाचें ऑस्कर मिळविलें. यंत्रावर संकलित झालेल्या चित्रपटास हा मान प्रथमच मिळाला.

या मर्चनेंच केलेला एक हिशेब आम्हांस फार बोलका वाटतो. 'अपोकॅलिप्स नाउ' (१९७९) या चित्रपटासाठीं साडेबारा लक्ष फूट फीत जमली होती, म्हणजे दोनशें तीस तासांहून अधिक. पुरा झालेला चित्रपट भरला अडीच तासांहून कमी. संकलक एकाहून अधिक, काम वर्षाहून अधिक. अखेरच्या चित्रपटांतील सांधे कामाच्या दिवसांनीं भागिले तेव्हां दर संकलकामागें दिवसास सरासरी १.४७ सांधे पडले. सांधा मारावयास किती वेळ लागतो? एक मिनिटही नाहीं. टेलरसाहेब तेथें असते तर उरलेला सारा दिवस त्यांनीं आळसाच्या खातीं टाकला असता. वस्तुतः त्या दिवसांत पुष्कळ सांधे मारून उखडले गेले, तुकडे पुनःपुन्हां पाहिले गेले, वाद झाले. आणि अमुक तुकडा येथें नको हें ठरावयास कधीं कधीं आठवडा लागला असेल. न केलेल्या सांध्याची नोंद कोणतें घड्याळ करणार?

संगणकानें प्रथम माणसाचा वेळ मोजलाच नाहीं, स्वतःचा मोजला. १९६१ सालीं एम्. आय्. टी. मध्यें एका संगणकावर अनेकांनीं वांटून काम करण्याची पद्धति सुरू झाली, तेव्हां यंत्राचा मिनिट महाग व माणसाचा स्वस्त होता. प्रत्येकास ठराविक तास मिळत. १९६२ सालीं एका विद्यार्थ्यानें जास्त तासांच्या लोभानें सर्वांचे गुप्त शब्दच छापून काढले. पुढें यंत्रें स्वस्त होऊन घरोघर गेलीं, आणि हिशेबाचा कांटा यंत्रावरून माणसावर वळला. २००६ सालीं एस्टोनियांत निघालेल्या 'टॉगल'सारख्या घड्याळांत आपला वेळ आपणच टिपावयाचा असतो. यास आमचा विरोध नाहीं. उक्तें काम घेऊन शेवटीं रोजंदारीहून कमी पदरांत पडलें, हा अनुभव घरबसल्या संकलन करणाऱ्या तरुणांचा नित्याचा आहे. आपले तास आपल्याला ठाऊक असले तर पुढच्या वेळीं मोल मागतां येतें.

दुसरी जात निराळी. २००३ सालीं स्थापन झालेल्या, व आज 'अपवर्क' या नांवानें चालणाऱ्या बाजारांत तासांवर काम देणाऱ्यासाठीं एक रोजनिशी ठेवली जाते. दर दहा मिनिटांच्या अवधींत एकदां कामगाराच्या पडद्याचें चित्र आपोआप टिपलें जातें, आणि कळा किती दाबल्या, माउस किती हलला, याचा आंकडा त्याशेजारीं मांडला जातो. गिल्ब्रेथच्या कॅमेऱ्यास हात दिसत तरी होते. येथें संकलक दोनतीन मिनिटांचा जोडलेला भाग प्रथमच सलग पाहावयास बसतो, हात मांडीवर ठेवून, कारण मध्येंच थांबविलें तर लय कळत नाहीं. आणि याच वेळीं हालचालीचा आंकडा शून्यावर येतो. अशीं कित्येक घड्याळें थोड्या अवकाशानें पडद्यावर प्रश्न टाकतात: आपण अजून काम करीत आहांत काय? हात उचलून 'होय' म्हणावें लागतें, आणि तो भाग पुन्हां आरंभापासून पाहावा लागतो.