लिनक्सचा पडदा काळा पडला तर : ग्राफिक्स ड्रायव्हरचा बिघाड आणि उपाय

विंडोज १० चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. त्याच्या आगेमागे आपल्या बऱ्याच सभासदांनी जुने संगणक मोडीत न काढता त्यांवर लिनक्स मिंट किंवा उबंटू बसवून घेतले. आपल्या ग्रंथालयातही आता मिंटच चालते. तेव्हापासून ग्रंथालय समितीकडे सर्वांत जास्त विचारणा होते ती एकाच गोष्टीची : काल संगणक ठीक होता, रात्री अद्यतने घेतली, आज सुरू केला तर पडदा काळा. हा लेख त्याविषयी आहे.

आज्ञा आणि बटणांची नावे इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. संगणकावर आज्ञा इंग्रजी लहान अक्षरांतच टाइप करावयाच्या आहेत.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. ग्राफिक्स ड्रायव्हर बिघडला म्हणजे फाइली गेल्या असे नव्हे. बँकेच्या भाषेत सांगायचे तर काउंटरची खिडकी बंद पडली आहे. लेजर आणि तिजोरी आत जागच्या जागी आहेत. कुणी पाहताक्षणी ‘फॉरमॅट मारावा लागेल’ म्हणाले, तर संगणक तसाच उचलून घरी आणावा.

हा बिघाड होतो कसा? लिनक्सचा गाभा म्हणजे कर्नेल. इंटेल आणि एएमडी यांच्या ग्राफिक्सचे ड्रायव्हर कर्नेलबरोबरच येतात, म्हणून तिथे तक्रारी कमी. एनव्हिडियाचा स्वतःचा ड्रायव्हर मात्र वेगळा बसवावा लागतो आणि प्रत्येक नव्या कर्नेलला जुळेल असा त्याचा भाग तयार व्हावा लागतो. हे काम बहुधा पडद्यामागे आपोआप होते. ते चालू असताना वीज गेली किंवा डिस्क भरलेली असली, तर कर्नेल नवे आणि ड्रायव्हर जुना अशी स्थिती होते. लिनक्सचे जनक लिनस टॉरवल्ड्स यांनी २०१२ साली फिनलंडमधील आल्टो विद्यापीठात एनव्हिडियाबद्दल जे उद्गार काढले ते इथे छापण्याजोगे नाहीत, पण चीड या वेगळेपणाचीच होती. २०२२ पासून कंपनीने आपल्या ड्रायव्हरचा कर्नेलमधील भाग खुला केला आहे. तो नव्या कार्डांसाठी आहे, आपल्याकडच्या जुन्या कार्डांना त्याचा उपयोग नाही.

संगणक जिवंत आहे की नाही हे आधी पाहावे. मॉनिटरची केबल दाबून घ्यावी. वेगळे ग्राफिक्स कार्ड असेल तर केबल त्या कार्डालाच जोडलेली हवी. मग कॅप्स लॉक दाबावे. दिवा लागत-विझत असेल तर कर्नेल चालू आहे. आता कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ ही तीन बटणे एकदम दाबावीत. काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत लॉगिन विचारले गेले, तर बिघाड फक्त चित्राचा आहे. इथे पासवर्ड टाइप करताना काहीच दिसत नाही, ठिपकेसुद्धा नाहीत. कीबोर्ड बंद पडलेला नाही. टाइप करून एंटर दाबावे.

या पडद्यावर फाइलींची यादी पाहिली तर मराठी नावांच्या जागी चौकोन किंवा भलतीच चिन्हे दिसतील. आपल्या लोकांचा जीव इथेच खालीवर होतो. लिनक्सच्या या साध्या पडद्याला देवनागरी दाखवता येत नाही, एवढेच. डेस्कटॉप परतला की ‘आजोबांची पत्रे’ पुन्हा ‘आजोबांची पत्रे’च दिसतात. चौकोन दिसतात म्हणून नावे बदलू नयेत, काही पुसू तर मुळीच नये.

पहिला उपाय सर्वांत सोपा : जुन्या कर्नेलने संगणक सुरू करणे. संगणक पुन्हा सुरू करताना, कंपनीचे बोधचिन्ह दिसताच, एस्केप दाबावे. जुन्या बायोसच्या यंत्रांवर शिफ्ट दाबून धरावे. ग्रब नावाची यादी येते. (एस्केप जास्त वेळा दाबले गेले आणि नुसती ‘ग्रब’ अशी ओळ आली, तर नॉर्मल हा शब्द टाइप करून एंटर दाबावे व लगेच पुन्हा एकदा एस्केप दाबावे.) त्यात ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स निवडावे. कर्नेलच्या दोन-तीन आवृत्त्या दिसतील. वरून दुसरी, जिच्यापुढे रिकव्हरी मोड लिहिलेले नाही, ती घ्यावी. नव्या कर्नेलनंतर उद्भवलेला प्रश्न पुष्कळदा एवढ्यावरच सुटतो आणि मग ड्रायव्हरची दुरुस्ती डेस्कटॉपवर बसून सावकाश करता येते.

तसे झाले नाही तर नोमोडसेट. ग्रबच्या यादीत पहिल्या ओळीवर राहून ई हे अक्षर दाबावे. आज्ञांचा मजकूर उघडतो. त्यात लिनक्स या शब्दाने सुरू होणारी लांब ओळ शोधावी. तिच्या शेवटाकडे बहुधा क्वाएट आणि स्प्लॅश हे शब्द असतात. स्प्लॅशनंतर एक जागा सोडून नो, मोड आणि सेट हे तीन इंग्रजी शब्द जोडून, मध्ये जागा न ठेवता, टाइप करावेत. मग एफ१० दाबावे. चित्र जाडेभरडे आणि मोठ्या अक्षरांचे येईल, पण येईल. हा बदल त्या एका वेळेपुरताच असतो. ग्रबमध्ये कायमचे काही लिहिले जात नाही.

डेस्कटॉप दिसू लागला की मिंटमध्ये ड्रायव्हर मॅनेजर उघडावा. उबंटूत हेच अतिरिक्त ड्रायव्हर या नावाखाली मिळते. तिथे नूव्हो नावाचा खुला ड्रायव्हर निवडावा, बदल लागू होऊ द्यावा आणि संगणक नेहमीसारखा सुरू करावा. नूव्होवर सगळे सुरळीत चालले तर आमच्या मते तिथेच थांबावे. पत्रे लिहिणे, दिवाळी अंकाची मुद्रिते तपासणे, नातवंडांशी व्हिडिओवर बोलणे यासाठी तो सहसा पुरतो.

वीज गेल्यामुळे अद्यतन अर्धवट राहिले असेल तर ॲडव्हान्स्ड ऑप्शन्समधील रिकव्हरी मोड घ्यावा. त्यात डीपीकेजी नावाची ओळ आहे. ती तुटक्या पॅकेजेसची जोडणी पूर्ण करते. डिस्क भरली असेल तर आधी क्लीन निवडावे.

एनव्हिडियाचा ड्रायव्हर पुन्हा बसवताना सिक्युअर बूट चालू असेल तर एक पासवर्ड ठरवायला सांगतात. पुढच्या सुरुवातीला निळा पडदा येतो, तिथे एनरोल मॉक निवडून तोच पासवर्ड द्यायचा असतो. हा पडदा थोडाच वेळ थांबतो. चहा घ्यायला उठलात तर तो निघून जातो आणि ड्रायव्हर बसलेला असूनही चालू होत नाही.

ज्यांनी टाइमशिफ्ट आधीच लावून ठेवले आहे त्यांना आणखी सोपा मार्ग आहे. पांढऱ्या अक्षरांच्या पडद्यावर लॉगिन करून सुडो, मग टाइमशिफ्ट, मग दोन आडव्या रेघा आणि त्यांना चिकटून रिस्टोअर अशी आज्ञा द्यावी आणि बिघाडापूर्वीच्या तारखेची प्रत निवडावी. मात्र टाइमशिफ्ट, मुद्दाम सांगितल्याशिवाय, आपल्या घरच्या फाइलींची प्रत ठेवत नाही. तो प्रणालीचा रक्षक आहे, फोटोंचा नाही.

हे आम्ही आग्रहाने लिहितो त्याला कारण आहे. आपल्या एका सभासद कुटुंबाच्या संगणकात घरातल्या वृद्ध मावशींनी म्हटलेल्या जात्यावरच्या ओव्यांचे ध्वनिमुद्रण होते. मावशी आता नाहीत. पडदा काळा पडला, संगणक दुरुस्तीला गेला आणि दुसऱ्या दिवशी नवाकोरा होऊन परत आला. ओव्यांची दुसरी प्रत कुठेही नव्हती.

म्हणून वरचे काही जमले नाही तरी मिंटचा पेनड्राइव्ह लावून संगणक सुरू करावा. त्याच्या यादीत कम्पॅटिबिलिटी मोड असतो, तो घ्यावा. डिस्कवर काहीही न बसवता डेस्कटॉप उघडतो. फाइल व्यवस्थापकात आपली जुनी डिस्क दिसते; ती उघडून, होम या फोल्डरमधील आपल्या नावाचा फोल्डर बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्यावा. डिस्क कूटबद्ध केलेली असेल तर तिचा पासवर्ड विचारला जाईल. प्रत घेतल्यावर दोन-चार फाइली दुसऱ्या संगणकावर उघडून पाहाव्यात आणि मगच यंत्र दुरुस्तीला द्यावे.

जुन्या कार्डांबद्दल. जीफोर्स ४०० आणि ५०० मालिकांना चालणाऱ्या ३९० क्रमांकाच्या ड्रायव्हरचा पाठिंबा २०२२ अखेर संपला; ६०० आणि ७०० मालिकांतील बहुतेक कार्डांसाठीच्या ४७० क्रमांकाचा २०२४ मध्ये. यांवर नवनवीन कर्नेल आणि जुना ड्रायव्हर यांची जोडी लावत बसण्यात अर्थ नाही, नूव्होच ठेवावा. आपले कार्ड कोणते हे टर्मिनलमध्ये एल, एस, पी, सी, आय ही पाच अक्षरे जोडून टाइप केल्यावर व्हीजीए लिहिलेल्या ओळीत दिसते. संगणक ठीक चालू असतानाच ती ओळ कागदावर उतरवून घ्यावी, सोबत कर्नेलचा क्रमांकही लिहावा आणि कागद कॅबिनेटला आतून चिकटवावा. समितीला फोन कराल तेव्हा पहिला प्रश्न तोच असेल.