ग्राफिक्स कार्डातील बिघाड व कार्डबदल

ग्राफिक्स कार्ड किंवा व्हिडिओ कार्ड हा संगणकातील प्रतिमा तयार करून ती पडद्याकडे पाठवणारा भाग होय. तो बिघडल्यास संगणक आतून चालू असूनही निरुपयोगी ठरतो. मात्र पडद्यावर चित्र न उमटण्याची इतरही अनेक कारणे असतात. त्यामुळे कार्ड बदलण्यापूर्वी दोष नेमका कोठे आहे हे निश्चित करणे आवश्यक असते. डेस्कटॉप संगणकात सदोष कार्ड काढून दुसरे बसवणे तुलनेने सोपे असते. बहुतांश लॅपटॉपमध्ये मात्र ते शक्य नसते.

प्रकार

ग्राफिक्सची सोय दोन प्रकारची असते. एकात्मिक ग्राफिक्स मुख्य प्रोसेसरमध्येच अंतर्भूत असून ते संगणकाची सामाईक मेमरी वापरते. स्वतंत्र ग्राफिक्सला स्वतःची चिप व मेमरी असते. डेस्कटॉपमधील स्वतंत्र कार्ड मदरबोर्डवरील पीसीआय एक्सप्रेस स्लॉटमध्ये बसते. त्यापूर्वी १९९७ पासून एजीपी हा स्लॉट प्रचारात होता. या दोन प्रकारांची कार्डे एकमेकांच्या स्लॉटमध्ये बसत नाहीत.

लक्षणे

पंखे फिरत असूनही पडदा काळा राहणे, चित्रात रंगीत ठिपके, रेषा किंवा चौकटी दिसणे, तसेच खेळ अथवा चित्रफीत-संपादन चालू असताना संगणक अचानक बंद पडणे ही सर्वसाधारण लक्षणे होत. संगणक सुरू होताना ऐकू येणारे बीप आवाजही सूचक असतात. अवॉर्ड बायोस असलेल्या संगणकांत एक लांब व दोन आखूड बीप हे ग्राफिक्समधील दोषाचे चिन्ह आहे. विंडोज प्रणालीत डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डापुढे ‘कोड ४३’ असा संदेश दिसू शकतो.

रेषा किंवा ठिपके बायोसच्या पडद्यावरही दिसत असतील, तर दोष ड्रायव्हरचा नसून यंत्रभागाचा असतो. ते केवळ विंडोज सुरू झाल्यानंतर दिसत असतील, तर प्रथम ड्रायव्हर तपासावा लागतो. विंडोज व्हिस्टापासून पुढील आवृत्त्यांत ग्राफिक्स चिपने सुमारे २ सेकंद प्रतिसाद न दिल्यास प्रणाली ड्रायव्हर पुन्हा सुरू करते. असे वारंवार घडण्यामागे ड्रायव्हरखेरीज अतिउष्णता किंवा अपुरा वीजपुरवठा हेही कारण असू शकते.

निदान

तपासणी बिनखर्चाच्या गोष्टींपासून सुरू केली जाते. मॉनिटरची केबल आणि निवडलेला इनपुट पाहणे, तसेच दुसरा मॉनिटर किंवा दूरदर्शन संच जोडून पाहणे ही पहिली पायरी होय. स्वतंत्र कार्ड असताना केबल चुकून मदरबोर्डच्या पोर्टला जोडली जाणे ही नेहमी आढळणारी चूक आहे. सैल बसलेली रॅमही पडदा काळा ठेवू शकते.

त्यानंतर कार्ड काढून, धूळ साफ करून पुन्हा बसवतात. तरीही चित्र न आल्यास कार्ड बाजूला ठेवून मदरबोर्डच्या पोर्टवरून चित्र येते का हे पाहतात. प्रोसेसरमध्ये एकात्मिक ग्राफिक्स नसल्यास ही चाचणी लागू होत नाही. इंटेलच्या नावाअखेरीस ‘एफ’ असलेल्या प्रोसेसरमध्ये ते नसते. तेच कार्ड दुसऱ्या संगणकात लावून पाहणे ही सर्वांत भरवशाची चाचणी होय.

लॅपटॉपला बाहेरचा मॉनिटर जोडल्यावर त्यावर स्वच्छ चित्र आले, तर दोष बहुधा लॅपटॉपच्या पडद्यात किंवा त्याच्या केबलमध्ये असतो. काळ्या पडद्यावर विजेरीचा झोत टाकल्यावर अंधूक चित्र दिसल्यास केवळ पार्श्वप्रकाश गेलेला असतो. बाहेरच्या मॉनिटरवरही त्याच रेषा दिसल्यास ग्राफिक्स चिप संशयास्पद ठरते.

डेस्कटॉपमधील कार्डबदल

नवे कार्ड घेण्यापूर्वी कॅबिनेटमधील जागा, कार्डाची लांबी व जाडी आणि वीजपुरवठ्याची क्षमता तपासणे गरजेचे असते. पीसीआय एक्सप्रेस स्लॉटमधून कार्डास कमाल ७५ वॅट, ६ पिनांच्या जोडणीतून ७५ वॅट व ८ पिनांच्या जोडणीतून १५० वॅट वीज मिळते.

वीजतार काढून, पॉवरचे बटण काही सेकंद दाबून उरलेला विद्युतभार घालवतात. स्थिर विद्युतेपासून भाग वाचवण्यासाठी कॅबिनेटच्या धातूस हात लावतात. वीजजोडणी व स्क्रू काढल्यानंतर स्लॉटच्या टोकाचा खटका दाबूनच कार्ड वर ओढतात; तसे न केल्यास खटका किंवा स्लॉट तुटू शकतो. नवे कार्ड खटका बसेपर्यंत सरळ दाबून, स्क्रू लावून वीजजोडणी पूर्ण केली जाते. नव्या १६ पिनांच्या जोडण्या अर्धवट बसल्यास तापून वितळू शकतात. अशा घटना २०२२ मध्ये समोर आल्या.

लॅपटॉपमधील मर्यादा

बहुतेक लॅपटॉपमध्ये ग्राफिक्स चिप मदरबोर्डवर सोल्डर केलेली असते. त्यामुळे चिप निकामी झाल्यास बहुधा संपूर्ण मदरबोर्ड बदलावा लागतो. काही लॅपटॉपमध्ये एमएक्सएम प्रकारचे सुटे कार्ड असते. परंतु शीतनव्यवस्था व बायोस यांतील फरकांमुळे एकाचे कार्ड दुसऱ्यात चालेलच असे नाही.

चिप तापवून दुरुस्त करण्याची पद्धत प्रचलित असली तरी तिचा परिणाम बहुधा तात्पुरता असतो, कारण दोष अनेकदा चिपच्या आतील जोडणीत असतो. जुलै २००८ मध्ये एनव्हिडिया कंपनीने आपल्या काही लॅपटॉप चिपांमध्ये आवरणाच्या सदोष साहित्यामुळे बिघाड होत असल्याचे जाहीर केले व त्यासाठी १५ ते २० कोटी डॉलरची तरतूद केली.

माहितीची सुरक्षा

ग्राफिक्स चिप निकामी झाली तरी डिस्कवरील माहिती सहसा शाबूत असते. डिस्क सुटी होत असल्यास ती दुसऱ्या संगणकास जोडून माहितीची प्रत घेता येते. बिटलॉकरने कूटबद्ध केलेली डिस्क दुसऱ्या संगणकास जोडल्यास किंवा मदरबोर्ड बदलल्यास ४८ अंकी पुनर्प्राप्ती-किल्ली मागितली जाते. ती आधीच जपून ठेवली नसल्यास, लॅपटॉप दुरुस्त होऊनही त्यातील माहिती कायमची हातची जाऊ शकते.