कामला, पित्ताशय आणि वैद्यांचीं जुनीं बाडें

सातारा व सांगली या जिल्ह्यांतील जुन्या घरांच्या दप्तरांत पोथ्या-पंचांगांबरोबर वैद्यकाचें एखादें बाडही हातीं येतें. (सांगली जिल्हा १९४९ सालीं दक्षिण सातारा या नांवानें निराळा झाला व १९६० सालीं त्यास हल्लींचें नांव मिळालें; तेव्हां जुन्या कागदांच्या दृष्टीनें दोहोंचा विचार एकत्रच करावा.) अशा बाडांत काविळीवरील औषध व त्यापुढें ‘अनुभवसिद्ध’ असा शेरा सांपडला, कीं तो औषधाच्या गुणाचा पुरावा मानावयाचा, आणि ‘पित्ताशय’ हा शब्द आला, कीं त्यास आजचा अर्थ लावावयाचा, असा मोह संग्राहकांस होतो. दोन्हीं ठिकाणीं सावध राहिलें पाहिजे.

सुश्रुतानें सात आशयांत पित्ताशय गणला आहे. परंतु त्याची पित्तधरा कला आमाशय व पक्वाशय यांच्या मध्यें आहे. यकृताखालील लहानशी पिशवी असा नेमका अर्थ तेथें घेतां येत नाहीं. अश्मरीचें प्रकरण तर मूत्राशयाचेंच आहे.

मात्र लक्षणांचें निरीक्षण जुनें व बारीक आहे. चरकाच्या चिकित्सास्थानांतील १६ व्या अध्यायांत एक निराळी कामला वर्णिली आहे. तींत कफानें पित्ताचा मार्ग अडतो, डोळे व मूत्र पिवळें होतें, पण मळ वाटलेल्या तिळांसारखा पांढुरका पडतो. शिवाय कुशींत वेदना व ज्वर असतो. येथें नेहमींचें मृदु विरेचन न देतां, मळास रंग येईपर्यंत कफहर, तिखट व उष्ण उपचार करावे, असें सांगितलें आहे. म्हणजे मळाच्या रंगावरून चिकित्सा बदलते! पॅरिस येथील शार्को यानें १८७७ सालीं पित्तनलिकेच्या दाहाचीं जीं तीन लक्षणें एकत्र मांडलीं, तीं हींच : कावीळ, हुडहुडीचा ताप व उजव्या बरगडीखालील वेदना. तथापि चरकानें कुशीची बाजू सांगितलेली नाहीं. एवढ्यावरून शार्कोचा शोध त्याच्या पदरीं बांधणें आम्हांस पसंत नाहीं.

उपायांत मात्र अंतर फार पडलें. लांगेनबुख यानें बर्लिन येथें १८८२ सालीं पित्ताशय प्रथम काढलें. त्यानंतर बारा वर्षांनीं, १८९४ सालीं, डॉ. वानलेस यांचें मिरजेचें रुग्णालय उघडलें. मर्फीनें १९०३ सालीं दिलेली खूण आजही उपयोगी पडते : उजव्या बरगडीखालीं दाबून रोग्यास श्वास घेण्यास सांगावें, पित्ताशय सुजलें असल्यास श्वास मध्येंच अडतो. आतां सोनोग्राफीनें खडा दिसतो. सुजलेलें पित्ताशय बहुधा दुर्बिणीनें काढतात, मुंबईस जे. जे. रुग्णालयांत डॉ. तेहमटन उडवाडिया यांनीं १९९० सालीं ही रीत आणली. नलिकेचा दाह त्याहून घातक. तेथें जंतुनाशक औषधांबरोबर तुंबलेल्या पित्तास वाट करून द्यावी लागते, व रोग तीव्र असल्यास विलंब प्राणावर बेततो.

आतां ‘अनुभवसिद्ध’ शेऱ्याकडे वळूं. दूषित पाण्यानें होणारी कावीळ बहुतेक रोग्यांत कांहीं आठवड्यांत आपोआप उतरते. त्या काळांत जें औषध चालू असेल, त्यास यश मिळतें. वैद्याचा शेरा म्हणून खोटा ठरत नाहीं. परंतु ज्याची नलिका तुंबून राहिली, तो रोगी आपला अनुभव सांगावयास फिरून आला नसेल.

म्हणून अशीं बाडें छापतांना संपादकांनीं मळाचा रंग, ज्वर, वेदनेची बाजू, दिवस व शेवट यांविषयींचा मजकूर एकही अक्षर न गाळतां द्यावा, आणि अर्वाचीन रोगाचें नांव मथळ्यांत न घालतां टीपेंत, तेंही शंकाचिन्हासह, घालावें.