नेमावरचा पाळणा

१८१७ साली होळकरांच्या दफ्तरात खालशाची ३,७०१ गावं होती. त्यांतली १,६६३ बेचिराख होती. म्हणजे गावाचं नाव कागदावर, शीव ठरलेली, आणि आत राहतं माणूस एकही नाही. हा हिशेब सर जॉन माल्कमने माळव्यावरच्या आपल्या ग्रंथात लिहून ठेवला आहे.

नर्मदेच्या उत्तर काठावरचं नेमावर या उजाड मुलखातच येतं. समोरच्या काठावर हंडिया, दोघांच्या मध्ये पात्रात नर्मदेचं नाभिस्थान. परिक्रमेला जाऊन आलेल्या मराठी माणसाला इथलं सिद्धनाथाचं परमारकालीन देऊळ हमखास आठवतं. गाव त्याहूनही जुनं. धारहून गोदावरीकडे उतरणाऱ्या वाटेवरचा मुक्काम म्हणून अकराव्या शतकात अल्बेरूनीनेही त्याची नोंद केली आहे. पण एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला या नावाचा दरारा वेगळ्याच कारणाने होता. चितू पेंढाऱ्याची छावणी याच भागात पडलेली असे आणि त्याची जहागीर जवळच सातवासला. १८१८च्या जानेवारीत मंदसोरचा तह झाला. पेंढाऱ्यांची पांगापांग झाली आणि पुढच्या वर्षी जंगलात लपत फिरणाऱ्या चितूला वाघाने मारलं.

मग गावं भरू लागली. माल्कमच्याच आकड्यांनुसार १८१८मध्ये २६९ गावं पुन्हा वसली, १८१९मध्ये ३४३, १८२०मध्ये ५०८. तीन वर्षांत अकराशेहून जास्त गावं! पण तीन वर्षांत पाळणे हलवून गावं भरत नाहीत. पळालेली कुळं परतली, शेजारच्या मुलखातून नवी आली, आणि रिकामी जमीन म्हटल्यावर सारा सवलतीत मिळाला. गावाची वस्ती वाढली की तिथे मुलं जास्त झाली, असा अंदाज आपण सहज बांधतो. इतिहासात तो बहुतेक वेळा फसतो.

मुलं मात्र पुष्कळ होत. ती राहत नसत.

त्याचा सर्वांत ठळक पुरावा झोपड्यांत शोधायला नको, राजवाड्यांत मिळतो. अन्न, दाया, वैद्य, नवससायास यांत काहीच कमी नसलेल्या मराठी राजघराण्यांची वंशावळ पाहावी. ग्वाल्हेरच्या महादजी शिंद्यांना मुलगा नव्हता, म्हणून दौलतराव दत्तक आले. दौलतराव १८२७मध्ये निपुत्रिक गेले, जनकोजी दत्तक आले. जनकोजी १८४३मध्ये निपुत्रिक गेले, जयाजीराव दत्तक आले. सलग तीन पिढ्या! इंदूरला दुसरे मल्हारराव १८३३मध्ये वारले, तेव्हाही दत्तकच घ्यावा लागला. धारला आनंदराव पवार १८०७मध्ये गेले तेव्हा राणी मीनाबाई गरोदर होत्या. मुलगा झाला, राज्याला वारस मिळाला आणि तोही लहानपणीच गेला. मीनाबाईंनी मग बहिणीचा मुलगा मांडीवर घेतला. खुद्द अहिल्याबाईंना दोन अपत्यं. त्यांतले मालेराव १७६७मध्ये त्यांच्या डोळ्यांदेखत गेले.

ज्यांच्या घरी हे, त्यांच्या रयतेची काय कथा. विसाव्या शतकाच्या तोंडाशी हिंदुस्थानात जन्मणाऱ्या हजार बाळांपैकी दोनशेहून जास्त पहिला वाढदिवसही पाहत नव्हती. १८९९-१९००च्या दुष्काळाने तर माळव्याचं, कधी उपाशी न राहणाऱ्या माळव्याचं, नाकच कापलं. नेमावर तेव्हा इंदूर संस्थानाच्या पाच जिल्ह्यांपैकी एक होतं. त्या संस्थानाची लोकसंख्या १८९१मध्ये १०,९९,९९० होती, ती १९०१मध्ये ८,५०,६९० भरली. दर चौघांमागे जवळजवळ एक माणूस नाहीसा. त्यातून सावरतं न सावरतं तोच १९१८चा इन्फ्लुएन्झा आला. १९११ ते १९२१ या दशकात देशाचा जन्मदर हजारी सुमारे ४८ होता आणि मृत्युदर सुमारे ४७. इतक्या बाळंतपणांनंतर शिलकीत पडला तो हजारी एक.

अशा हिशेबात सहा मुलं हा हव्यास म्हणता येत नाही. म्हातारपणी दोन हाताशी राहावीत यासाठीची ती तजवीज होती.

तरी एक गोष्ट खटकते. मुली नऊ-दहाव्या वर्षी बोहल्यावर चढत, वयात येताच नांदायला जात. मग प्रत्येकीला बारा-चौदा मुलं का झाली नाहीत? जुन्या हिंदुस्थानात एका बाईमागे सरासरी साधारण सहा मुलं होत, आणि तिथे आकडा अडवणाऱ्या अनेक गोष्टी होत्या. त्यांना संततिनियमन असं नाव कुणी दिलं नव्हतं इतकंच. आई मुलाला दोन-दोन, तीन-तीन वर्षं अंगावर पाजत असे. तोवर पुढचं मूल सहसा राहत नसे. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणजे नवराबायकोची कित्येक महिने ताटातूट. आणि सर्वांत मोठा अडसर वैधव्याचा. माळव्यातल्या शेतकरी जातींत नातरा होई, महाराष्ट्रातल्या कुणब्यांत पाट लागे. पण ज्या जातींत पुनर्विवाह निषिद्ध, तिथे विसाव्या वर्षी कुंकू पुसलं की त्या बाईचा पाळणा कायमचा थांबला. संयम म्हणून याचा गौरव करणाऱ्यांनी त्यातला जुलूमही मोजावा.

युरोपने हाच आकडा दुसऱ्याच टोकाला धरून ठेवला होता. जॉन हाजनल या अभ्यासकाने १९६५मध्ये लेनिनग्राडपासून त्रिएस्तपर्यंत एक रेघ ओढून दाखवली. तिच्या पश्चिमेला मुली चोविशी-पंचविशीत लग्न करत आणि बऱ्याच जणी जन्मभर अविवाहित राहत. लग्नानंतर मुलं भराभर होत, आपल्याकडच्यापेक्षाही भराभर, पण सुरुवातच उशिरा. म्हणजे तिथे लगाम लग्नाआधी होता, आपल्याकडे लग्नानंतर. देशादेशांतल्या जन्मदराचं कोडं सोडवताना अनेकजण धर्म, हवामान, गरिबी यांच्यामागे धावतात. त्याआधी विचारावा असा एक साधा प्रश्न आहे: मुलीचं लग्न कितव्या वर्षी होतं?

लग्न कधी करायचं हे पंचांगही ठरवी. गुरू सिंह राशीत असेपर्यंत, बारा वर्षांतून एकदा जवळजवळ तेरा महिने, विवाह वर्ज्य. पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्यायांनी १७९०मध्ये लिहिलेल्या ‘धर्मसिंधु’त गोदावरीच्या दक्षिणेला आणि भागीरथीच्या उत्तरेला या दोषातून सूट आहे. नेमावर दोन्हींच्या मध्ये, म्हणजे नियमाच्या पुरत्या कचाट्यात. गुजरातच्या कडवा कुणब्यांत तर याहून कडक रीत होती. उंझ्याच्या उमिया मातेच्या कौलाने दर नऊ, दहा किंवा अकरा वर्षांनी एक मुहूर्त निघे आणि साऱ्या जातीची लग्नं त्या दिवशी उरकत. मुहूर्त चुकला तर पुढचा दहा वर्षांनी, म्हणून पाळण्यातली पोरं लग्नाला बसत. पोटातल्या बाळांचीही सोयरीक होई. वर मिळालाच नाही तर मुलीचं लग्न फुलांच्या गुच्छाशी लावत आणि तो विहिरीत टाकत. नवरा ‘मेला’, मुलगी नातऱ्याला मोकळी. जातीचा नियमही पाळला आणि मुलीची सोयही झाली, अशी पळवाट काढणाऱ्यांना परंपरेचे गुलाम तरी कसं म्हणावं?

जपानमध्ये १९६६ साली ‘अग्नीच्या घोड्या’चं वर्ष आलं. त्या वर्षी जन्मलेली मुलगी नवऱ्याच्या मुळावर येते असा समज. वर्षभरात जन्म एक-चतुर्थांशाने घटले आणि पुढच्या वर्षी पुन्हा चढले. कारखाने, आगगाड्या, शाळा सगळं असलेल्या देशात हे झालं. फरक एवढाच की जपानी जोडप्यांकडे मूल लांबवायची साधनं होती. कडवा कुणब्यांकडे फक्त लग्नाची तारीख होती.

ती तारीख पुढे ढकलायचं सरकारी धाडस मराठी संस्थानिकांनी ब्रिटिशांच्या आधी केलं, हे महाराष्ट्रात फारसं सांगितलं जात नाही. बडोद्यात सयाजीरावांनी १९०४मध्ये बालविवाह प्रतिबंधाचा कायदा आणला. इंदूरच्या होळकरांनी १९१८मध्ये तोच रस्ता धरला, आणि त्या कायद्याखाली नेमावर आलं. ब्रिटिश मुलखात शारदा कायदा लागू व्हायला १ एप्रिल १९३० उजाडावा लागला. त्याची वर्दी लागताच लोकांनी काय केलं? कायदा लागू होण्याआधी लहान मुलांची लग्नं उरकून घेतली. १९३१च्या शिरगणतीत विवाहित बालकांची संख्या फुगलेली दिसली, ती त्यामुळे.

मुंबईत मात्र एका माणसाने मुळालाच हात घातला होता. रघुनाथ धोंडो कर्व्यांची आई १८९१मध्ये बाळंतपणात गेली, तेव्हा ते नऊ वर्षांचे होते. १९२१मध्ये, लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांचा दवाखाना निघाला त्याच वर्षी, त्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र सुरू केलं. नोकरी गेली, खटले झाले, तरी १९२७पासून १९५३मध्ये मृत्यू येईपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ निघत राहिलं. १९३४च्या खटल्यात त्यांच्या बाजूने बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. १९३८च्या नोव्हेंबरात आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षाचे पी. जे. रोहम यांनी मुंबईच्या विधिमंडळात संततिनियमनाचा ठराव मांडला आणि तो फेटाळला गेला. कर्व्यांचा आग्रह बाईच्या प्रकृतीचा आणि सुखाचा होता. देशाच्या डोईजड लोकसंख्येची चिंता त्यांच्याकडे दुय्यम. १९५२मध्ये सरकारने कुटुंबनियोजन हाती घेतलं तेव्हा हा क्रम नेमका उलटा झाला.

उलट्या क्रमाचं टोक आणीबाणीत गाठलं गेलं. १९७६-७७ या एका वर्षात देशात ऐंशी लाखांहून अधिक नसबंद्या झाल्या, त्यांतल्या तीन-चतुर्थांश पुरुषांच्या. महाराष्ट्र विधिमंडळाने तर सक्तीच्या नसबंदीचं विधेयकच मंजूर केलं. ते कायदा होऊ शकलं नाही. सरकार पडलं आणि पुरुष या कार्यक्रमातून जे निसटले ते कायमचे. पुढची सारी शिबिरं, टाक्याची असोत की बिनटाक्याची, बायकांची.

आणि इथे नर्मदेचा काठ आणि सह्याद्रीचा पायथा एकाच वाटेला लागले. १९९२-९३च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत मध्य प्रदेशात एका बाईमागे सरासरी ३.९ मुलं होती, महाराष्ट्रात २.९. २०१९-२१च्या पाहणीत मध्य प्रदेश २.०वर आला, महाराष्ट्र १.७वर. मध्य प्रदेशच्या खेड्यांतही आकडा २.१च आहे, त्यांतच खातेगाव तालुक्यातली नेमावरच्या आसपासची गावं मोडतात. आता लग्नाचं वय पाहा. वीस ते चोवीस वयाच्या बायकांपैकी अठराच्या आत लग्न झालेल्या मध्य प्रदेशात २३ टक्के, आणि पुरोगामी म्हणवणाऱ्या महाराष्ट्रात २२! दोन्हीकडे निम्म्याच्या आसपास विवाहित बायकांनी ऑपरेशन करून घेतलेलं. पुरुषांची नसबंदी एक टक्काही नाही. लग्न विशीच्या आसपास, पाठोपाठ दोन मुलं, पंचविशीत ऑपरेशन, असा हा मार्ग आहे. युरोपने लग्न लांबवून जे साधलं ते आपण पाळणा लवकर उरकून साधलं, आणि त्याची किंमत बाईच्या पोटावरच्या टाक्यांनी चुकती झाली.

बालमृत्यूचा जुना हिशेब अजून पुरता मिटलेला नाही. २०२०च्या नमुना नोंदणीत मध्य प्रदेशात हजारी ४३ बाळं पहिल्या वर्षात दगावली, देशात सर्वांत जास्त. महाराष्ट्रात १६, केरळात ६. तरीही जन्मदर उतरला, कारण दोनशेवरून त्रेचाळीसवर येणं हेच आईबापांना पुरेसं आश्वासक होतं, आणि शाळेत जाणारं मूल कमावण्याऐवजी खर्चिक झालं होतं. नायजरमध्ये आजही एका बाईमागे सहाच्या आसपास मुलं आहेत. तिथे मुली लवकर लग्न करतात आणि शाळेत कमी जातात. दक्षिण कोरियात २०२३मध्ये आकडा ०.७२ होता, कारण तिथल्या मुली लग्नच टाळू लागल्या आहेत आणि लग्नाबाहेर मूल तिथे जवळजवळ होत नाही.

कायदे करणाऱ्यांना हा बदल उशिरा कळतो. २६ जानेवारी २००१नंतर तिसरं मूल झालेल्यांना मध्य प्रदेशात पंचायतीची दारं बंद झाली. नवऱ्यांनी पदासाठी बायका सोडल्याच्या, मुलं दुसऱ्यांच्या नावावर लावल्याच्या कहाण्या बाहेर आल्या आणि २००५मध्ये सरकारने पंचायतीपुरता तो नियम मागे घेतला. महाराष्ट्रात १२ सप्टेंबर २००१ ही तशीच तारीख ठरली होती. आज एका बाईमागे सरासरी १.७ मुलं असतानाही ग्रामपंचायतीच्या उमेदवाराला तिसऱ्या मुलाची जन्मतारीख त्या तारखेशी ताडून पाहावी लागते.