बँटम पिल्लांची नर-मादी ओळख

बँटम म्हणजे ठेंगू कोंबडी; बहुतेक जातींत वजन अर्धा ते एक किलो. पिल्लू नर की मादी हे अंड्यातच, मादीकडून आलेल्या गुणसूत्रावर ठरते. टोकदार अंड्यातून कोंबडा निघतो ही समजूत खोटी.

एका दिवसाच्या पिल्लाची गुदद्वार उघडून तपासणी करण्याची पद्धत जपानी संशोधकांनी रूढ केली. त्यांपैकी मासुई आणि हाशिमोतो यांचे या पद्धतीवरचे इंग्रजी पुस्तक 1933 साली आले. मूठभर बँटमवर हे काम नवशिक्याने न केलेलेच बरे, आतडे दुखावते.

सावंगी (मेघे) किंवा वर्धा जिल्ह्यातल्या कुठल्याही गावात परसात कोंबड्या पाळणाऱ्याला डोळेच पुरतात. सहा-आठ आठवड्यांत नराचा तुरा लालसर आणि जाड होऊ लागतो, तलंगेचा फिका, बारीक राहतो. पण तुरा फसवतो. खात्री पिसांवरून करावी : तीन महिन्यांच्या आसपास पाठीच्या मागच्या भागावर, शेपटीच्या मुळाशी, लांब, निमुळती, चकाकणारी पिसे दिसली की तो नर, मादीची तिथली पिसे टोकाला गोल असतात.

सेब्राइट बँटमला हा नियमही लागू नाही. तिथे नराच्या त्वचेतच नर संप्रेरकाचे मादी संप्रेरकात रूपांतर होते आणि कोंबडा मादीसारखीच पिसे मिरवतो. सिल्की जातीची पिसे केसांसारखी, म्हणून पाच-सहा महिनेही थांबावे लागते. आरवणे किंवा अंडे, जे आधी येईल ते.